दारांच्या कडांबद्दल तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. एका दाराच्या वरच्या कोपऱ्याजवळ करपल्याचा काळपट डाग आहे, कडांची गोलाई 6 मिमीची सांगितली होती ती 3 चीच केली, आणि बिजागरीच्या बाजूची कड अर्धवट सोडली, असं तुमचं म्हणणं आहे.

डागाचं आधी बोलतो, कारण ती चूक शंभर टक्के आमची. राउटर म्हणजे कडा गोल करायचं मशीन, त्याचा बिट, म्हणजे फिरणारं पातं, मिनिटाला 20,000 च्या आसपास फेरे मारत असतो, हात एका जागी जरा जरी रेंगाळला की लाकूड घासून करपतं आणि कोपऱ्यावर वळताना हात हमखास रेंगाळतो. त्यात बिटची धार गेलेली होती. तुमचा रिव्ह्यू वाचल्यावर तोच बिट काढून मी नखावर घासून बघितला, तर नुसता सरकत होता, पकडतच नव्हता. धार कामाआधी बघायची असते, ते राहिलं. आणि डाग दिसल्यावर तिथल्या तिथे खरवडून काढायचा सोडून वर पॉलिश मारलं गेलं, त्याने तो अजूनच गडद झाला, याचं मला खरंच वाईट वाटतंय.

गोलाईचं मात्र कारण आहे. तुमची दारं 35 मिमी जाडीची आहेत, दोन्ही बाजूंनी 6-6 गेले की कडेवर सपाट जागा उरते 23, आणि लॉकची पट्टी आहे 25 ची, म्हणजे पट्टी दोन्हीकडून 1-1 मिमी गोलाईवर अधांतरी राहिली असती, कपडे अडकले असते, बोटाला लागलं असतं. 3 घेतल्यावर 29 उरले आणि पट्टी नीट बसली. शिवाय 6 च्या गोलाईने, दार बंद केल्यावर चौकटीजवळची फट असते त्यापेक्षा बरीच मोठी दिसते. धार मोडायला आणि पॉलिश कडेवर टिकायला 3 पुरते, अगदी टोकदार कडेवर थर पातळ बसतो आणि तिथूनच आधी उडतो. पण हे सगळं मी तुम्हाला काम सुरू व्हायच्या आधी फोन करून सांगायला हवं होतं. दार तुमचं आहे, परस्पर ठरवायचा हक्क मला नव्हता, त्याबद्दल माफी मागतो.

बिजागरीची बाजू मुद्दाम सोडली आहे. बिजागरीचं पान ज्या खाचेत बसतं तिथली कड गोल केली की पानाशेजारी खड्डा पडतो आणि तो कायम डोळ्यात येतो, म्हणून तिथे फक्त पॉलिश पेपरचा हात फिरवून धार मोडली आहे.

आता डागाचं काम. मी स्वतः येतो, त्या कडेचं पॉलिश वरपासून खालपर्यंत उतरवून, डाग स्क्रॅपरने काढून पूर्ण कड परत पॉलिश करून देतो, नुसत्या कोपऱ्याला लावलं तर ठिगळ दिसेल. याचे पैसे अर्थातच नाहीत. तोपर्यंत प्लीज घरी कोणी त्यावर पॉलिश पेपर घासू नका, गोलाई तिथे चपटी झाली तर परत जुळवणं फार अवघड जातं. दार एक दिवस उतरवून ठेवावं लागेल, तुम्हाला कुठला दिवस जमेल तेवढं कळवा.