मुळा-मुठेसाठी हरकत नोंदवायची कुठे?

डब्लिनच्या उत्तरेला क्लॉनशॉ येथे होऊ घातलेल्या प्रादेशिक सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाला आयर्लंडच्या नियोजन आयोगाने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली. या प्रकल्पाची जागा २०१३ मध्ये निवडली गेली, अर्ज २०१८ मध्ये दाखल झाला, पहिली मंजुरी २०१९ मध्ये मिळाली आणि २०२० मध्ये उच्च न्यायालयाने ती चुकीची ठरवली. दुसरी मंजुरी मिळेपर्यंत जागा ठरून बारा वर्षे उलटली होती आणि पुढे तिलाही न्यायालयात आव्हान दिले गेले. ही हकिगत पुण्यातल्या मित्रांना सांगितली की त्यांतल्या अनेकांना ती आपल्याच मताचा पुरावा वाटते. लोकांना विचारत बसले, हरकती ऐकत बसले, की कामे अशी रखडतात, असे ते म्हणतात. मी याच शहरात राहतो, इथल्या विलंबाचे चटके मलाही जाणवतात, आणि तरीही या बारा वर्षांचा अर्थ तसा नाही असे माझे ठाम मत आहे.

प्रकल्प लहान नाही. सुमारे पाच लाख लोकसंख्येचे सांडपाणी शुद्ध करण्याची त्याची क्षमता असेल. ब्लँचर्ड्सटाउनपासून शहराला वळसा घालून येणारी मलवाहिनी ते पाणी क्लॉनशॉला आणेल आणि शुद्ध केलेले पाणी आयर्लंड्स आय या छोट्या बेटाच्या ईशान्येला सुमारे एक किलोमीटरवर समुद्रात सोडले जाईल. आज डब्लिनचा बहुतेक भार रिंग्सएंडच्या एकाच प्रकल्पावर आहे. त्याची क्षमता वाढवण्याचे काम झाले असले, तरी शहर वाढते आहे आणि घरांची टंचाई इतकी तीव्र आहे की सांडपाण्याची सोय नाही म्हणून नवी घरे अडणे कोणालाच परवडणारे नाही. दुसरीकडे पोर्टमार्नॉकच्या किनाऱ्यावर पोहणाऱ्यांची, शिंपल्यांवर पोट असलेल्या मच्छीमारांची आणि बेटावरच्या समुद्रपक्ष्यांची काळजी करणाऱ्यांची भीतीही खोटी नव्हती. प्रकल्पातली यंत्रणा बंद पडली तर समुद्रात काय जाईल, प्रवाह ते कुठे नेईल आणि किती तासांत किनाऱ्याला लागेल, हे त्यांचे प्रश्न होते. २०१९ च्या सुनावणीत नागरिकांना ते प्रकल्पाच्या अभियंत्यांपुढे मांडता आले. अतिनील किरणांनी निर्जंतुकीकरण करण्याचा टप्पा प्रकल्पात आला, तो याच वादातून.

मग मंजुरी रद्द का झाली? सांडपाणी सोडण्याबाबतच्या नियमांनुसार नियोजन मंडळाने (आजच्या नियोजन आयोगाच्या जागी तेव्हा हे मंडळ होते) निर्णयापूर्वी पर्यावरण संरक्षण संस्थेचे म्हणणे मागवायला हवे होते, ते मागवले नाही. एका नागरिकाने हे न्यायालयाच्या निदर्शनास आणले. प्रकल्प वाईट आहे किंवा जागा चुकीची आहे, असे न्यायालयाने म्हटले नव्हते. कायद्याने सांगितलेली एक पायरी शासकीय यंत्रणेने गाळली, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्यानंतर प्रकरण पुन्हा मंडळाकडे गेले, आधीची पर्यावरणीय माहिती जुनी झाली म्हणून नवी मागवावी लागली आणि फेरनिर्णयाला आणखी काही वर्षे लागली. म्हणजे बारा वर्षांतला मोठा हिस्सा यंत्रणेच्या चुकीने आणि तिच्या संथ गतीने खाल्ला. लोकांना बोलू दिले म्हणून तो गेला नाही. आयर्लंडने २०२४ मध्ये नियोजनाचा नवा कायदा करून निर्णयांना कालमर्यादा घातली, ते मला योग्य वाटते. त्याच कायद्याने न्यायालयात जाण्याच्या वाटा आवळल्या, त्याबद्दल मात्र माझ्या मनात शंका आहे, कारण २०२० ची चूक त्याच वाटेने उघड झाली होती.

आता पुण्याकडे पाहू. शहरात ज्याला सगळे 'जायका प्रकल्प' म्हणतात, त्या मुळा-मुठा प्रदूषण नियंत्रण योजनेला जानेवारी २०१६ मध्ये मान्यता मिळाली. अकरा नवी शुद्धीकरण केंद्रे, दररोज ३९६ दशलक्ष लिटर अतिरिक्त क्षमता, ९९० कोटी रुपये खर्च, जपानच्या 'जायका' या संस्थेचे अल्पव्याजाचे कर्ज आणि केंद्राचा सुमारे ८५ टक्के वाटा, अशी तिची मांडणी होती. २०२२ पर्यंत काम संपायचे होते. प्रत्यक्षात निविदा अंदाजापेक्षा कितीतरी जास्त दराने आल्या आणि रद्द झाल्या, काही केंद्रांच्या जागा महापालिकेच्या ताब्यातच नव्हत्या, आणि मार्च २०२२ मध्ये, म्हणजे काम संपायच्या वर्षी, पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. तोवर खर्चाचा सरकारी आकडा १,४७० कोटींच्या पुढे गेला होता.

या सगळ्या काळात जनसुनावणी किती झाली? घरगुती मैलापाण्याच्या शुद्धीकरण केंद्राला २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत पूर्वमंजुरीची अट नाही, म्हणून त्या अधिसूचनेतली जनसुनावणीही नाही. जल प्रदूषण कायद्याखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र लागते, पण तो मंडळ आणि महापालिका यांच्यातला कागदी व्यवहार असतो आणि नदीकाठी राहणाऱ्याला त्यात जागा नसते. तेव्हा 'हरकतींमुळे कामे रखडतात' हा दावा निदान या योजनेपुरता टिकत नाही. इथे हरकती मागवण्याची कायद्याची सक्तीच नव्हती, तरीही सहा वर्षे पायाभरणीविना गेली. जागा ताब्यात आहे का आणि अंदाजपत्रक खरे आहे का, हे प्रश्न कोणत्याही खुल्या सुनावणीत पहिल्याच दिवशी विचारले गेले असते. उत्तर देता न आल्यामुळे योजना कदाचित सहा महिने थांबली असती, पण सहा वर्षे थांबली नसती असे मला मनापासून वाटते.

पुण्यातल्या नद्यांचे काठ सुशोभित करण्याच्या नदीकाठ सुधार योजनेवरच्या वादातही हीच पोकळी दिसते. आधी पाणी शुद्ध करा, मग काठ सजवा, असे म्हणणाऱ्यांना विकासविरोधी ठरवले जाते आणि तेही रस्त्यावर उतरतात, झाडांना कवटाळतात, राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतात. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर दीर्घकाळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला, तेव्हा तर नगरसेवकाकडे जाण्याचीही सोय उरली नव्हती. म्हणणे ऐकून घेणारी आणि त्याला लेखी, कारणांसह उत्तर देण्यास बांधील असलेली जागा नसेल, तर माणसे ओरडणारच. तो त्यांचा दोष नव्हे.

युरोपचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. डब्लिनच्या दक्षिणेला आर्क्लो या गावाचे मैलापाणी कित्येक दशके शुद्धीकरणाशिवाय अव्होका नदीत जात होते आणि तिथला प्रकल्प २०२५ मध्ये सुरू झाला. अनेक गावांत सांडपाण्याचे नियम पाळले नाहीत म्हणून युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्ये आयर्लंडला दोषी ठरवले. गंमत म्हणून नव्हे, तर गांभीर्याने सांगतो की कागदावरचे आपले निकष अधिक कडक आहेत. युरोपच्या १९९१ च्या निर्देशानुसार शुद्ध केलेल्या पाण्यातली बीओडी, म्हणजे पाण्यात उरलेल्या सेंद्रिय घाणीचे माप, लिटरला २५ मिलिग्रॅमपर्यंत चालते, तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये आपल्या महानगरांसाठी १० मिलिग्रॅमचा निकष धरला. फरक पडतो तो निकष मोडल्यावर कोण कोणाला जाब विचारू शकते यात. आयर्लंडला त्याच्यावरच्या न्यायालयाने जाब विचारला आणि नियोजन मंडळाला एका नागरिकाने. पुण्यातल्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याबद्दल खाली दौंडच्या शेतकऱ्याला तसा जाब विचारता येतो का?

आपल्या चर्चेत खालच्या अंगाला राहणाऱ्या या माणसांचा पत्ताच नसतो, आणि मला सर्वांत जास्त खटकते ते हेच. पुणे खडकवासल्याचे स्वच्छ पाणी पिते आणि वापरलेले पाणी मुळा-मुठेत सोडते; ती रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते, आणि उजनीवर सोलापूर शहर अवलंबून आहे. त्याच भीमेला पंढरपुरात चंद्रभागा म्हणून वारकरी स्नान करतात. डब्लिनच्या प्रकल्पाला प्रादेशिक म्हणतात, कारण तो एकाहून अधिक स्थानिक संस्थांच्या हद्दींचा विचार करतो. मुळा-मुठेची योजना परिणामाने त्याहून कितीतरी अधिक प्रादेशिक आहे, पण तिचा विचार महापालिकेच्या हद्दीवर येऊन थांबतो.

ती हद्दही स्थिर नाही. योजना २०१६ ची. त्यानंतर २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे पुण्यात आली. त्यांच्या मैलापाण्यासाठी नवी केंद्रे बांधणे अटळ आहे. त्या केंद्रांपासून वेगळी पद्धत सुरू करायला केंद्राच्या कायद्यात बदल होण्याची वाट पाहावी लागणार नाही, कारण राज्य सरकार आणि प्रदूषण मंडळ संमतिपत्र देण्यापूर्वी स्वतःहून सुनावणी घेऊ शकतात. जागेचा ताबा, खर्चाचा आधार, वीज गेली तर पाणी कुठे जाणार आणि दहा वर्षांनंतर देखभालीचा पैसा कोण देणार, हे सारे मराठीत, सुनावणीच्या महिनाभर आधी लोकांसमोर यावे. ठरलेल्या मुदतीत निर्णय व्हावा, प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर असावे आणि ती उत्तरे जाहीर व्हावीत. अशी एक सुनावणी पुण्यात झाली, तर दुसरी इंदापुरात आणि तिसरी सोलापुरात व्हावी, आणि महापालिकेच्या अभियंत्यांनी तिथे जाऊन उजनीचे पाणी पिणाऱ्यांच्या प्रश्नांना तोंड द्यावे.