नळ्या पोकळ आहेत म्हणून कॉम्प्युटरचा कूलर डुप्लिकेट नसतो

परवा दुपारी भाच्याचा फोन, मामा कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जकार्डची, म्हणजे विणून काढायच्या नक्षीची डिझाईनं करतो तो, ऑर्डर डोक्यावर. जाऊन बघतो तर प्रोसेसरवरची उष्णता नेणारी पेस्ट पुसून, त्याला थंड ठेवणारा कूलर तसाच कोरडा बसवलेला. का, तर व्हॉट्सॲपवर आलं होतं! तोच मेसेज आमच्या गल्लीच्या ग्रुपवरपण फिरतोय म्हणून लिहितोय.

मेसेज म्हणतो: कूलर अख्ख्या तांब्याचाच घ्या, त्याला पेस्ट लागत नाही, जेवढा जड तेवढा भारी, चंदेरी दिसला तर डुप्लिकेट, नळ्या पोकळ निघाल्या तर कंपनीने तांबं खाल्लं, आणि खरं तांबं असेल तर सोलापूरच्या उन्हातही प्रोसेसर ३० अंशांच्या वर जात नाही.

शेवटचं आधी. पंखा खोलीतलीच हवा मारतो ना? मे महिन्यात खोलीच ३८-४० वर असते, मग प्रोसेसर ३० वर येणार कुठून?

आता त्या नळ्या. अरे त्या पोकळच लागतात! आत थोडंसं पाणी असतं, हवा काढून घेतलेली असते त्यामुळे ते कमी तापमानालाच उकळतं, खाली प्रोसेसरजवळ वाफ होते, वाफ वर पंख्याजवळ जाऊन थंड होते आणि पाणी होऊन परत खाली येतं. परत आणायला आतल्या भिंतीला तांब्याच्या पुडीचा थर असतो, स्टोव्हची वात रॉकेल ओढते तसा तो पाणी ओढतो. भरीव तांब्याच्या दांड्यापेक्षा अशी नळी कितीतरी पट जास्त उष्णता नेते. आणि मेसेजमध्ये लिहिलंय की खात्रीसाठी एक नळी कापून बघा. कापली की हवा आत शिरली, नळी मेली, चांगला कूलर भंगारात.

पेस्टचं तर भाच्यानं भोगलंच. तांबं कितीही गुळगुळीत दिसलं तरी मध्ये बारीक फटी राहतात, त्यात हवा. एकाच मापात मोजली तर तांब्याची उष्णता नेण्याची क्षमता ४०० च्या आसपास, हवेची ०.०२६. एवढा फरक असताना पेस्ट नको म्हणणाऱ्याला काय म्हणायचं?

चंदेरी रंग म्हणजे निकेलचा मुलामा, तांबं काळं पडू नये म्हणून. कल्हई केली म्हणून पितळेचं पातेलं डुप्लिकेट होतं का? उलट ॲल्युमिनियमवर नुसता तांब्याचा रंग चढवलेले कूलर मिळतात, फसायचं तिथे.

बरं, तांबं ॲल्युमिनियमपेक्षा दीडपटीहून जास्त उष्णता नेतं हे खरंय, मान्य. म्हणूनच बूड आणि नळ्या तांब्याच्या करतात. पण पात्यांचं, म्हणजे नळ्यांवर बसवलेल्या पातळ पत्र्यांचं काम उष्णता हवेत सोडायचं, तिथे तांब्याने फार फरक पडत नाही आणि वजन मात्र तिप्पट. थर्मलराईट कंपनीने अल्ट्रा-१२० एक्स्ट्रीम हा कूलर दोन्हीत काढला होता, साधा ७९० ग्रॅम आणि अख्खा तांब्याचा १९०० ग्रॅम! फॅन सोडून! उभ्या कॅबिनेटमध्ये एवढं ओझं मदरबोर्डला लटकणार. इंटेलने प्रोसेसर बसवायच्या जुन्या ७७५ सॉकेटला कूलरची मर्यादाच ४५० ग्रॅम दिली होती. आणि नॉक्टुआ कंपनीचा कूलर एनएच-डी१५, एवढा नावाजलेला, त्याची पातीसुद्धा ॲल्युमिनियमचीच आहेत.

भाच्याच्या कूलरच्या पात्यांत कापसाची धूळ नमद्यासारखी बसली होती, दुखणं तेही होतं. ब्रशने काढली, वाटाण्याएवढी पेस्ट लावली, चारी स्क्रू आलटून-पालटून आवळले. रात्री अकरापर्यंत बसून त्याने ऑर्डरचं डिझाईन पाठवलं, एकदाही बंद पडला नाही.