प्रतिक्रियेला उत्तर : साखळी पहिल्याच चुकीला का थांबते

नमस्कार. प्रत्येक फंक्शनने उत्तर किंवा चूक परत द्यायची आणि अशी फंक्शनं एकापुढे एक जोडायची, असं मी मूळ लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप दोन. फंक्शनांची साखळी म्हणजे ट्राय-कॅचच (चूक फेकायची आणि वर कुठेतरी झेलायची, ती पद्धत), फक्त सोवळं नेसलेलं. आणि ती पहिल्याच चुकीला थांबते, मग गिऱ्हाइकाने फॉर्म पाचदा भरायचा का? दुसरा आक्षेप बिनतोड आहे. पहिला मात्र मान्य नाही.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. देवगडला काकांच्या आंब्याच्या ऑर्डरींसाठी मी प्रोग्राम लिहिलाय. एका ऑर्डरीत पिनकोड पाचच आकडी पडला. वाहतुकीचा दर काढणाऱ्या फंक्शनने एक्सेप्शन, म्हणजे 'चूक झाली' असा इशारा, फेकलं, आणि तीन पायऱ्या वर मीच कधीतरी घाईत लिहिलेल्या कॅचने ते गिळून शून्य परत दिलं. पाच डझनांच्या पेटीवर 'वाहतूक ० रुपये' अशी पावती छापून आली. काका म्हणाले, "फुकट धाडूक लागलस काय रे?"

त्या फंक्शनचं सिग्नेचर (काय घेतो, काय परत देतो हे सांगणारी ओळ) सांगत होतं की मी आकडा देतो. बस्स. तेच 'रिझल्ट' (उत्तर किंवा चूक, दोहोंपैकी एक धरणारा टाइप) परत देत असतं, तर आत आकडा आहे की चूक हे पाहिल्याशिवाय बेरीजच करता आली नसती. रस्ट या भाषेत २०१६ पासून नुसतं '?' लावलं की चूक वर जाते, आणि ती कुठून जाते हे त्या ओळीतच दिसतं. 'अनरॅप-ऑर शून्य' (चूक असेल तर शून्य घे) लिहून मी तिथेही तोच घोळ घालू शकतो. पण तो दर काढतो तिथेच डोळ्यांत खुपेल. जावातली चेक्ड एक्सेप्शन्सही (जी हाताळावी किंवा जाहीर करावीच लागतात) सिग्नेचरमध्ये दिसतात म्हणाल, तर खरंय. पण जावा ८ च्या स्ट्रीममधल्या मॅपला (प्रत्येक घटकावर फंक्शन चालवतो तो) तसं एक्सेप्शन फेकणारा लॅम्डा, म्हणजे बिननावाचं छोटं फंक्शन, देऊन बघा, कंपायलर घेतच नाही.

(अशा साखळीसाठी स्कॉट व्लाशिन यांनी वापरलेली दोन रुळांची उपमा, एका रुळावर यश आणि दुसऱ्यावर चूक, मी मुद्दाम टाळली. एकेरी मार्गावर क्रॉसिंगला तासभर बसलेल्या कोकणी माणसाला ती काय पटणार?)

आता तुमचा खरा मुद्दा. साखळी जोडणाऱ्या 'अँड-देन'मधल्या पुढच्या फंक्शनला मागच्याचं उत्तर हातात लागतं. पिनकोड मिळाल्याशिवाय दर कशाचा काढणार? तिथे थांबणंच बरोबर. पण मोबाइल नंबर तपासायला पिनकोड लागत नाही, डझन मोजायला मोबाइल लागत नाही. हे तिन्ही मी एकाच साखळीत ओवले, ही चूक माझी. एकमेकांवर न अवलंबणाऱ्या तपासण्या सुट्या चालवून चुका एका यादीत गोळा करायच्या, आणि यादी रिकामी असेल तरच साखळी सुरू करायची. हास्केल भाषेतला 'आयदर' (तिथला रिझल्टच) अ‍ॅप्लिकेटिव्ह म्हणून, म्हणजे सुट्या तपासण्या जोडायला, वापरला तरी पहिल्याच चुकीला थांबतो, म्हणून तिथे यासाठी 'व्हॅलिडेशन' हा वेगळा टाइप वापरतात. स्काला भाषेच्या कॅट्स या लायब्ररीत त्यासाठीच 'व्हॅलिडेटेड' आहे.

मूळ लेखातला कोड बदललाय. फॉर्म आता तिन्ही चुका एकदम दाखवतो. काकांनी अजून पाहिलेला नाही, ते पेट्यांत पेंढा भरतायत.