डॉम आणि जावास्क्रिप्ट: एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. ब्राउझरच्या ऑब्जेक्ट्सनी जावास्क्रिप्टच्या साध्या ऑब्जेक्ट्ससारखंच वागावं, या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत: डॉम (वेबपानातले घटक प्रोग्रॅमला ऑब्जेक्ट्स म्हणून दाखवणारी ब्राउझरची रचना) कुठल्या एका भाषेचा नाही, आणि माझं ऐकलं तर जुन्या साइट्स मोडतील.

पहिला आक्षेप 1998 साली अगदी बरोबर होता. डॉम लेव्हल 1 या तेव्हाच्या स्टँडर्डमध्ये जावासाठीही बाइंडिंग, म्हणजे त्या भाषेतून डॉम वापरायची जोडणी, होतं. यादीतला पहिला घटक घ्यायला '[0]' असे चौकटी कंस पुरत असताना 'आयटम(0)' लिहायची सोय दिसते ती त्याच काळातली. पण आज पानावरच्या डॉमला जावातून हात कोण लावतं? सध्याचं स्टँडर्ड वेब आयडीएलमध्ये (ब्राउझरचे इंटरफेस मांडायची भाषा) आहे, आणि ते सरळ प्रोटोटाइप (ज्याच्याकडून ऑब्जेक्टला मेथड्स मिळतात तो), गेटर (प्रॉपर्टी वाचताना चालणारं फंक्शन) या जावास्क्रिप्टच्याच भाषेत बोलतं.

मला सलतं ते वेगळंच. मागे एका क्लायंटच्या फी भरायच्या फॉर्मवर माझी अख्खी दुपार गेली. कोणीतरी बटणाचं नाव 'सबमिट' ठेवलेलं. मी 'फॉर्म.सबमिट()' म्हणतोय आणि कन्सोल म्हणतोय, हे फंक्शनच नाही! आतल्या बटणाने मेथडच झाकून टाकलेली. साध्या ऑब्जेक्टमध्येही स्वतःची प्रॉपर्टी प्रोटोटाइपवरचीला झाकते, मान्य. पण तिथे ती मी टाकलेली असते. इथे एचटीएमएलमधलं नाव परस्पर घुसतं.

जुन्या साइट्सचा मुद्दा मात्र मी लेखात फारच सहज उडवून लावला. 'डॉक्युमेंट.ऑल' (पानातल्या सगळ्या एलिमेंट्सची जुनी यादी) कुठल्या प्रकारचं आहे हे 'टाइपऑफ'ने विचारा, तो 'अनडिफाइन्ड', म्हणजे असं काही नाहीच, म्हणतो. आहे ऑब्जेक्टच! त्यावरून इंटरनेट एक्सप्लोरर ओळखणाऱ्या जुन्या पानांसाठी हे सोंग. ते आता सुटणार नाही.

लाइव्ह याद्यांनाही (पान बदललं की आपोआप बदलणाऱ्या) ॲरे, म्हणजे जावास्क्रिप्टची साधी यादी, करा असं मी म्हणत नाही. 'गेटएलिमेंट्सबायक्लासनेम'च्या यादीवर साधा फॉर लूप फिरवत तोच क्लास काढत गेलात, तर एकाआड एक एलिमेंट सुटतो: पहिला यादीतून गळतो, दुसरा शून्याव्या जागी सरकतो, आणि लूप तोवर एकवर पोचलेला असतो. अशा यादीने ॲरे असल्याचा आव न आणलेलाच बरा.

पण 'क्वेरीसिलेक्टरऑल'ची यादी तर गोठलेली असते. ॲरेच्या मेथड्सपैकी तिला नंतर फॉरईच मिळालं, मॅप नि फिल्टर अजून नाहीत, ते हवे तर आधी 'ॲरे.फ्रॉम'ने तिचा ॲरे करत बसा. याउलट 'एलिमेंट्सफ्रॉमपॉइंट' (पानावरच्या एका बिंदूखालचे एलिमेंट्स देणारी मेथड) सरळ ॲरे देतं. नव्या इंटरफेसनी हेच करावं, इतकीच माझी मागणी.

आणि हो, 'सगळ्या नोडलिस्ट लाइव्ह असतात' हे लेखातलं वाक्य चुकीचंच होतं: 'क्वेरीसिलेक्टरऑल'ची गोठलेली यादीही नोडलिस्टच. दुरुस्त केलंय.