‘वाचलेलं १० टक्के, केलेलं ९० टक्के’: हे आकडे आले कुठून?

वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०, पाहिलेलं-ऐकलेलं ५०, बोललेलं ७० आणि स्वतः केलेलं ९०. म्हणून वर्गात इंटरॅक्टिव्ह पॅनेल (बोटाने चालणारा मोठा डिजिटल फळा) हवाच. शिक्षकांच्या गटांत फिरणारा हा रंगीत त्रिकोण अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर खपवला जातो.

डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू, म्हणजे प्रत्यक्ष अनुभवापासून नुसत्या शब्दांपर्यंतची उतरंड, मांडला खरा, पण त्यात एकही टक्का नव्हता. टक्के दिसतात ते १९६७ मध्ये, डी. जी. ट्रायक्लर यांच्या लेखात, आणि तेही कुठल्या प्रयोगातून आले याचा पत्ता नाही. शंकू आणि आकडे नंतर एकमेकांना चिकटवले गेले. मुळात खरं मोजमाप असं दहाच्या पाढ्यात येतं का?

‘वाचलेलं १० टक्के’ घ्या. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा दोनदा वाचलेल्या विद्यार्थ्यांना आठवड्याने ४२ टक्के आठवला. एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पाच मिनिटांनी मात्र वाचणारेच पुढे होते, ८१ विरुद्ध ७५. म्हणजे किती काळाने विचारलं यावर सगळा खेळ.

‘केलेलं ९०’चं तर हसूच येतं. ४० मुलांच्या वर्गात पॅनेलवर एक मूल बोट फिरवतं, बाकीची ३९ बघत बसतात. यात करणारं कोण?

‘पाहिलेलं-ऐकलेलं ५०’ हेही सरसकट नाही. चित्र हलत असताना निवेदनातलंच वाक्य खाली लिहून आलं तर डोळे दोन्हीकडे ओढले जातात. भाषा नवी नसेल तर ती अक्षरं बंद ठेवा.

मग डिजिटल माध्यमाचा फायदा नाहीच? आहे, आणि भक्कम आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट (PhET) सिम्युलेशनमधला, म्हणजे पडद्यावर करायच्या आभासी प्रयोगांमधला, विद्युत परिपथ संच बघा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यावर शिकलेल्यांना पुढे खरे परिपथ जोडणंही खऱ्या साहित्यावर शिकलेल्यांपेक्षा अधिक चांगलं जमलं, कारण तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन खऱ्या तारेत दिसत नाहीत, इथे दिसतात.

वापरायचं असं: ९ व्होल्टचा घट, १० ओहमचे दोन बल्ब, एकसर जोडणी (एकामागोमाग एक). बटण दाबण्याआधी प्रत्येकाने वहीत लिहायचं: दुसरा बल्ब मंद लागेल का? बरीच मुलं ‘हो’ लिहितात. पहिल्या बल्बने विद्युतधारा ‘खाल्ली’ असं त्यांना वाटतं. मग अमीटर (धारा मोजणारं उपकरण) घटाजवळ, दोन बल्बांच्या मधे आणि शेवटी लावा. तिन्हीकडे ०.४५ अँपिअर. आता समांतर जोडणी (प्रत्येक बल्ब घटाला वेगळा जोडलेला): प्रत्येकात ०.९, घटातून १.८. हेही आधी लिहूनच. अंदाज न लिहिता मुलांना मोकळं सोडलं, की पाचव्या मिनिटाला घटाची दोन टोकं तारेने जोडून पडद्यावर आग लावायचा खेळ सुरू होतो. आगही शिकवणारीच, पण धारा किती हे कुणी बघत नाही. आठवड्याने पॅनेल बंद ठेवून तोच परिपथ कागदावर काढायला सांगा, तिन्ही ठिकाणच्या आकड्यांसकट.