माझ्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांना

आज सकाळी एका मैत्रिणीने आमच्या जुन्या मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, या आठवड्याच्या प्रार्थना-विषयांची यादी मला पाठवली. एका आजींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, कुणाच्या तरी मुलाची नोकरी आणि या दोहोंच्या मधोमध माझे नाव, ‘भरकटलेल्या भगिनीने कळपात परत यावे म्हणून’. आधी हसू आले, मग जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

मी भरकटलेली नाही. उपासनेत अनेक वर्षे पेटी वाजवणाऱ्या तरुणाने आपण समलैंगिक असल्याचे पाळकांना विश्वासाने सांगितले, ते कमिटीपर्यंत पोहोचले, आणि त्याने उपासनेला येऊन बसण्यास हरकत नाही, मात्र यापुढे पेटी वाजवायची नाही व मुलांना गीते शिकवायची नाहीत असे ठरले, तेव्हा मी पूर्ण शुद्धीत, विचार करून बाहेर पडले. वाद्यांच्या कपाटाची किल्लीसुद्धा त्याच्याकडून मागून घेण्यात आली. आता जे गृहस्थ वाजवतात, ते त्याच गीतपुस्तकातून वाजवतात, ज्यात ओळींच्या वर त्याने पेन्सिलीने स्वर लिहून ठेवले आहेत. त्याने लिहिलेले स्वर चालतात, तो चालत नाही.

या निर्णयासाठी पवित्र शास्त्राचा आधार देण्यात आला: १ करिंथ ६:९, म्हणजे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातील, समलैंगिकतेविरुद्ध नेहमी पुढे केले जाणारे वचन. त्याच अध्यायाची पहिली आठ वचने कमिटीत कुणीच का वाचली नसावीत? त्यांत विश्वासणाऱ्या भावाने भावाला न्यायालयात खेचू नये, त्यापेक्षा अन्याय सोसावा, असे पौल स्पष्टपणे सांगतो. सख्ख्या भावाशी जमिनीचा दावा लढणारे सद्गृहस्थ आमच्याकडे दर रविवारी अर्पणाची थाळी फिरवतात आणि त्यांच्याकडे कुणी कसलीही किल्ली मागत नाही.

बाहेर पडण्याऐवजी आत राहून बदल घडवायला हवा होता, असे सांगणारेही भेटतात. युनायटेड मेथडिस्ट चर्च या मोठ्या प्रोटेस्टंट पंथाने १९७२ मध्ये समलैंगिकता ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत असल्याचे वाक्य आपल्या नियमांत घातले, २०१९ च्या विशेष अधिवेशनात बंधने आणखी आवळली आणि ते वाक्य काढले २०२४ मध्ये, म्हणजे ५२ वर्षांनी, तेही बदलाला विरोध करणाऱ्या हजारो मंडळ्या वेगळ्या झाल्यानंतर. आत राहिलेल्यांच्या चिकाटीशिवाय हे झाले नसते, हे मान्य. पण ज्याची पेटी आज काढून घेतली, त्याने ती पुन्हा कधी वाजवायची? म्हातारपणी?

हे लिहिताना राग थोडा ओसरला आहे, म्हणून हेही लिहिते. बाबांच्या शेवटच्या आजारपणात रात्र रात्र रुग्णालयात बसलेली माणसे हीच होती, आणि पाळकांवरही वरून दडपण असते हे मला कळते. रविवारी सकाळी गाण्याची आठवण येते, खूप येते. पण बाबांसाठी जागलेल्या या माणसांपैकी एकानेही त्या मुलाला साधा फोन केला नाही, आणि त्यामुळेच मला अधिक त्रास होतो. ही माणसे मुळातच निष्ठुर असती, तर सोडून जाणे किती सोपे झाले असते! यादीत त्याचे नावही नाही. मी परत यावे अशी इच्छा आहे. तो परत यावा, असे कुणाला वाटत असल्याचे दिसत नाही.

माझा विश्वास गेलेला नाही. घरी प्रार्थना चालू आहे, आणि ती कुणासाठी करायची ते मी ठरवते.

आता एक विनंती. आईला फोन करून ‘मुलगी कधी येणार’ असे विचारणे कृपया थांबवावे. ती दर रविवारी उपासनेला येते आणि येत राहील. तो तिचा निर्णय आहे आणि मी त्यात पडत नाही. माझ्या निर्णयाचा जाब विचारायचा असेल, तर माझा नंबर सर्वांकडे आहे. मात्र मला फोन करण्यापूर्वी त्या मुलाला एक फोन करून यावे, कारण मी पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.