३२ बिटच्या विंडोजला ८ जीबी रॅम विकणाऱ्यांनो

आंब्याचा हंगाम तोंडावर आला की देवगडपासून गुहागरपर्यंत पेट्यांची बिलं करणारे जुने पीसी धापा टाकायला लागतात. दुकानदाराचं ठरलेलं औषध: रॅम वाढवा! अरे मेल्या, आधी 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक कर, प्रॉपर्टीज उघड, सिस्टिम टाइप वाच. तिथं ३२ बिट असेल तर ८ घाल नाहीतर १६, विंडोज ७ चार जीबीच्या पुढे सरकणार नाही. ३२ बिटांत मेमरीचे पत्ते (जागांचे क्रमांक) मुळी ४,२९,४९,६७,२९६, आणि एका पत्त्याला एक बाइट, म्हणजे झाली ४ जीबी. त्यातले वरचे पत्ते ग्राफिक्स कार्ड आणि मदरबोर्डला जोडलेली इतर पीसीआय उपकरणं अडवून बसतात. म्हणून ४ जीबी घालूनही वापरायला मिळते सव्वातीन-साडेतीन. मग गिऱ्हाईक 'रॅम डुप्लिकेट दिली' म्हणून बोंबलत येतं.

त्यावर कुणीतरी व्हिडिओ बघून पीएई (३२ बिटमध्येही ४ जीबीच्या वरचे पत्ते देणारी प्रोसेसरची सोय) उघडणारा पॅच मारतो. पीएईने ३६ बिटांचे पत्ते मिळतात, ६४ जीबीपर्यंत, हे खरं. पेंटियम प्रोपासून, म्हणजे १९९५पासून ते प्रोसेसरमध्ये आहे. पण ४ जीबीच्या वरचा पत्ता दिसला की कच्चे ड्रायव्हर (उपकरणं चालवणारे प्रोग्राम) कोलमडतात, म्हणून तर घरगुती विंडोजमध्ये कुलूप घातलंय! दुसरा शहाणा बीसीडीएडिट या बूट सेटिंगच्या कमांडने 'इन्क्रीजयूजरव्हीए' ३०७२ करतो. त्याने एकूण रॅम तसूभर वाढत नाही. एका प्रोग्रामला २ऐवजी ३ जीबी मिळते, तीही तो प्रोग्राम 'लार्ज ॲड्रेस अवेअर', म्हणजे २ जीबीवरचे पत्ते वापरू शकणारा, असेल तरच. शिवाय कर्नलला, म्हणजे विंडोजच्या गाभ्याला, उरतो १ जीबी, आणि ग्राफिक्स ड्रायव्हर गुदमरून निळी स्क्रीन.

६४ बिट टाका ना सरळ! प्रोसेसर ६४ बिटला चालतो का ते बघा. ३२वरून ६४वर अपग्रेड होत नाही, नव्यानेच इन्स्टॉल करावं लागतं, तेव्हा डेटा आधी बाहेर काढा. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का, तेही आधीच शोधा. आणि बिलिंग डॉसवरचं १६ बिटचं असेल तर ६४ बिट विंडोजवर ते उघडणारच नाही, कारण त्यात जुने डॉस प्रोग्राम चालवणारा एनटीव्हीडीएम नाही. व्हीडॉससारखं, डॉस प्रोग्राम चालवणारं काहीतरी लागेल, आणि छपाई हंगामाआधी तपासायची, ट्रक दारात उभा असताना नाही!

एवढं करूनही रॅम कमी दिसली तर बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) मेमरी रीमॅप, म्हणजे अडलेली रॅम वरच्या पत्त्यांवर हलवण्याची सोय, चालू करा. विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंग प्रोग्रामच्या बूट टॅबवर ॲडव्हान्स्डमध्ये 'मॅक्सिमम मेमरी'ची खूण असेल तर काढा. आणि रॅमची एखादी पट्टी दिसतच नसेल तर लगेच नवी विकू नका हो. खाऱ्या हवेने पिना काळवंडतात. खोडरबर घ्या आणि घासा. पॉलिश पेपर नको, सोन्याचा मुलामा जातो!